मार्कोस जोडपे मतपेटीतून कसे आले?

हुकूमशहा म्हटला की आधी रणगाडे येतात, मग रेडिओ केंद्राचा ताबा, मग रात्रीची संचारबंदी. फिलिपिन्सच्या फर्डिनांड आणि इमेल्डा मार्कोसच्या बाबतीत हे सगळे घडले, पण फार उशिरा. सप्टेंबर 1972 मध्ये लष्करी कायदा लागला तेव्हा हे दोघे सत्तेवर येऊन सात वर्षे होत आली होती. तोवर त्यांनी राष्ट्राध्यक्षपदाच्या दोन निवडणुका जिंकल्या होत्या. त्यातली पहिली, नोव्हेंबर 1965 ची, तर त्यांनी खुर्चीवर बसलेल्या राष्ट्राध्यक्षाला पाडून जिंकली. वर्तमानपत्रे मोकळी होती, न्यायालये चालू होती, विरोधक रोज शिव्या घालत होते, आणि तरीही लोकांनी त्यांनाच निवडले.

पुढची वीस वर्षे, लुटीचे आकडे, इमेल्डाच्या चपलांचे कपाट यांवर भरपूर लिहिले गेले आहे. मला जास्त कुतूहल आहे ते त्याआधीच्या तीस वर्षांचे. खुनाच्या आरोपातून सुटलेला एक वकील आणि गॅरेजमध्ये वाढलेली एक मुलगी त्या खुर्चीपर्यंत पोचली कशी? दोघे वेगवेगळे असते तर बहुधा पोचलेही नसते, असे माझे मत आहे. ते का, हे कळायला आधी तिथले राजकारण कसे चालायचे ते पाहावे लागेल.

आधी मैदान समजून घेऊ

फिलिपिन्सवर तीनशेहून जास्त वर्षे स्पेनचे राज्य होते. 1898 पासून अमेरिकेचे आले आणि 4 जुलै 1946 रोजी देश स्वतंत्र झाला. राज्यघटनेचा साचा अमेरिकी होता. राष्ट्राध्यक्ष चार वर्षांसाठी थेट लोकांनी निवडायचा आणि त्याला सलग आठ वर्षांपेक्षा जास्त राहता येत नव्हते. प्रतिनिधीगृहात मतदारसंघांतून निवडून आलेले लोक बसायचे. सिनेट मात्र वेगळे होते. त्यात फक्त 24 जण, आणि त्यांना मतदारसंघच नव्हता. अख्खा देश हाच एक मतदारसंघ. दर दोन वर्षांनी आठ जागांसाठी मतदान व्हायचे. म्हणजे सिनेटर व्हायचे तर सात हजारांहून अधिक बेटांवर नाव पोचलेले हवे. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल.

पक्ष दोन होते: नासिओनालिस्टा आणि लिबरल. लिबरल पक्ष 1946 मध्ये नासिओनालिस्टांमधूनच फुटून निघालेला. दोघांच्या धोरणात फरक शोधायला भिंग लागावे. खरे राजकारण चालायचे घराण्यांचे. एकेका प्रांतात एक-दोन जमीनदार किंवा वकिलांची घराणी, त्यांच्या हाताखाली गावोगावचे पुढारी, आणि त्या पुढाऱ्यांच्या शब्दावर पडणारी गठ्ठा मते. नाती रक्ताची नसली तर जोडता यायची. बाप्तिस्म्याला किंवा लग्नाला एखाद्या बड्या माणसाला धर्मपिता म्हणून उभे केले की तो घरचा झाला. मग त्याने तुमच्या मुलाला नोकरी लावायची आणि तुम्ही निवडणुकीत त्याचे उपकार फेडायचे. शिवाय प्रत्येक प्रदेशाची भाषा वेगळी. उत्तरेकडचे इलोकानो बोलणारे लोक आपल्या भाषेच्या उमेदवाराला एकगठ्ठा मत देतात, हे सगळे गृहीतच धरत.

त्यातच रस्ते, पूल, शाळा यांचा निधी सोडायचा की अडवायचा हे राष्ट्राध्यक्षाच्या हातात असे. त्यामुळे निवडणूक झाली की हरलेल्या पक्षाचे लोकप्रतिनिधी भराभर जिंकलेल्या पक्षात जायचे. खुद्द रामोन मॅगसायसाय हे लिबरल सरकारचे संरक्षणमंत्री होते. 1953 मध्ये त्यांनी पक्ष बदलला आणि आपल्याच जुन्या राष्ट्राध्यक्षांना, एल्पिदिओ किरिनो यांना, हरवले. आपल्याकडच्या वाचकाला हे आणखी फोड करून सांगायची गरज नसावी.

अशा मैदानात जिंकायला चार गोष्टी लागायच्या: एका प्रदेशाचा पक्का गठ्ठा, दुसऱ्या प्रदेशात सोयरीक, पैसा आणि देशभर सांगता येईल अशी एखादी गोष्ट. फर्डिनांडकडे पहिली होती. चौथी त्याने तयार केली.

दात घासताना लागलेली गोळी

फर्डिनांडचा जन्म 11 सप्टेंबर 1917 चा, उत्तरेकडच्या इलोकोस नोर्ते प्रांतातल्या सार्रात गावचा. वडील मारियानो वकील, 1925 ते 1931 प्रतिनिधीगृहाचे सदस्य. आई होसेफा शिक्षिका. मुलगा हुशार, वक्तृत्वात पुढे आणि नेमबाजीत पटाईत. मनिलातल्या फिलिपिन्स विद्यापीठात कायदा शिकत असताना तो विद्यापीठाच्या रायफल संघात होता.

सप्टेंबर 1935 मध्ये निवडणूक झाली. मारियानो मार्कोस पुन्हा हरले. जिंकले ते त्यांचे जुने प्रतिस्पर्धी हुलिओ नालुंदासान. विजयाच्या मिरवणुकीत एका गाडीवर मार्कोसच्या नावाची शवपेटी ठेवून ती गावातून फिरवली गेली. निवडणुकीत हरणे एक, आणि आपल्याच गावात आपली तिरडी निघालेली पाहणे वेगळे. थोड्याच दिवसांत, 20 सप्टेंबरच्या रात्री, बाताक गावातल्या आपल्या घरी नालुंदासान दात घासत उभे होते. अंधारातून .22 बोअरच्या रायफलची एकच गोळी आली आणि ते गेले.

तपास रेंगाळला. तीन वर्षांनी, डिसेंबर 1938 मध्ये, पोलिसांनी मारियानो, त्यांचे भाऊ पिओ, मेहुणे किरिनो लिझार्दो आणि फर्डिनांड अशा चौघांना पकडले. गोळी फर्डिनांडने झाडली असा सरकारचा आरोप होता. खून झाला तेव्हा त्याचे वय अठरा वर्षे होते. खालच्या न्यायालयाने फर्डिनांड आणि लिझार्दो यांना दोषी ठरवले. बाकी दोघे सुटले.

पुढचा भाग एखाद्या पटकथेत घातला असता तर कुणी म्हणाले असते, फारच झाले. खटला डोक्यावर असतानाच फर्डिनांडने कायद्याची पदवी घेतली, वकिलीची परीक्षा दिली आणि तो देशात पहिला आला. अपिलाची तयारी त्याने कोठडीत बसून केली. ऑक्टोबर 1940 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याला निर्दोष सोडले. निकाल लिहिला न्यायमूर्ती होसे लॉरेल यांनी. सरकारचा मुख्य साक्षीदार स्वतःला कटातला म्हणवत होता, आणि त्याची कहाणी विश्वास ठेवण्याजोगी नाही, असे न्यायालयाचे म्हणणे पडले. लॉरेल स्वतः तरुणपणी एका चाकूहल्ल्याच्या खटल्यात अडकले होते आणि त्यांनाही सर्वोच्च न्यायालयानेच सोडवले होते. या योगायोगावर तिकडे आजही बोलले जाते.

गोळी कोणी झाडली हा प्रश्न बाजूला ठेवू. न्यायालयाने त्याला सोडले, तेव्हा कायद्याच्या दृष्टीने तो निर्दोष. सत्तेच्या गोष्टीत महत्त्वाचे हे की तेवीस वर्षांचा फर्डिनांड देशभर माहीत झाला. स्वतःचा खटला स्वतः लढून फासाच्या सावलीतून बाहेर आलेला मुलगा! आरोपीची बदनामी आणि नायकाची कीर्ती त्याला एकाच निकालपत्रात मिळाली. यातून त्याने एक धडा घेतला असावा असे मला वाटते: कागद नीट तयार केला तर वास्तव त्याच्या मागून येते.

पदकांचा ढीग

लगेच युद्ध आले. जपान्यांनी डिसेंबर 1941 मध्ये हल्ला केला. फर्डिनांड कनिष्ठ अधिकारी म्हणून बातानच्या लढाईत होता आणि 1942 मध्ये पकडला गेला. पुढे सुटला. इथपर्यंत वाद नाही. त्याच्या म्हणण्यानुसार नंतर त्याने ‘महार्लिका’ नावाची हजारो गनिमांची फौज उभारली आणि चालवली. या फौजेला अधिकृत मान्यता मिळावी, म्हणजे तिच्या सैनिकांना थकलेला पगार आणि सवलती मिळाव्यात, म्हणून त्याने युद्धानंतर अमेरिकी लष्कराकडे अर्ज केले. लष्कराने चौकशी केली आणि दावा खोटा म्हणून फेटाळला.

हे कागद अमेरिकेच्या अभिलेखागारात पडून राहिले. इतिहासकार आल्फ्रेड मॅकॉय यांच्या हाती ते लागले आणि जानेवारी 1986 मध्ये छापून आले. तोवर चाळीस वर्षे उलटली होती. या काळात पदकांची यादी वाढत वाढत तीसच्या आसपास गेली होती. त्यातली बरीच पदके लढाई संपून बराच काळ लोटल्यावर मिळालेली. वडिलांचे मरणही असेच धूसर. मारियानो 1945 मध्ये मारले गेले. मुलगा सांगायचा, जपान्यांनी मारले. दुसरी कहाणी अशी की ते जपान्यांना सामील होते म्हणून गनिमांनीच त्यांचा निकाल लावला.

आता निवडणुकीचा हिशेब पाहा. युद्धातून बाहेर पडलेल्या देशात माजी सैनिकांची संख्या प्रचंड, आणि त्यांची भरपाई अमेरिकेकडे अडकलेली. त्यांचा कैवार घेणारा, स्वतः ‘सर्वाधिक पदके मिळवलेला’ तरुण वकील 1949 मध्ये लिबरल पक्षाकडून इलोकोस नोर्तेत उभा राहिला. भाषणात तो सांगे, आज मला प्रतिनिधी करा, वीस वर्षांत तुम्हाला इलोकानो राष्ट्राध्यक्ष देतो. बत्तिसाव्या वर्षी तो मनिलाच्या प्रतिनिधीगृहात दाखल झाला आणि लागोपाठ तीनदा निवडून आला. उत्तरेचा गठ्ठा पक्का झाला. पण एकट्या उत्तरेच्या जोरावर देश जिंकता येत नाही.

गॅरेजमधली रोमुआल्देझ

इमेल्डाचे आडनाव रोमुआल्देझ. देशाच्या मधल्या भागातल्या विसायास बेटांतल्या, विशेषतः त्यातल्या लेयटे बेटावरच्या माणसाला हे आडनाव सांगितले की पुढे ओळख करून द्यावी लागत नसे. एक काका सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती, दुसरे मनिलाचे महापौर झालेले. तिसरा भाऊ विसेन्ते, म्हणजे इमेल्डाचे वडील. तेही वकील, पण भावांच्या मानाने सगळ्यातच मागे.

विसेन्तेंची पहिली बायको पाच मुले मागे ठेवून वारली. दुसरी बायको रेमेदिओस ही मनिलातल्या एका कॉन्व्हेंटच्या अनाथाश्रमात वाढलेली. तिची पहिली मुलगी इमेल्डा, जन्म 2 जुलै 1929. घरात सावत्र मुलींशी रोजची भांडणे. शेवटी रेमेदिओस आपल्या मुलांना घेऊन त्याच घराच्या गॅरेजमध्ये राहायला गेली. इमेल्डाचे बालपणीचे काही दिवस तिथे गेले. वर मोठे घर आणि खाली आई, भावंडे आणि ही. 1938 मध्ये न्यूमोनियाने आई गेली तेव्हा इमेल्डा आठ वर्षांची होती. हे घर मनिलाच्या सान मिगेल भागात होते. राष्ट्राध्यक्षांचा मलाकान्यांग राजवाडाही त्याच भागात आहे.

वडिलांनी गाशा गुंडाळला आणि मुलांना घेऊन ते लेयटेच्या ताक्लोबान शहरात परतले. इमेल्डा तिथेच वाढली. वाराय भाषा शिकली, गाणे शिकली. ऑक्टोबर 1944 मध्ये जनरल मॅकआर्थरचे सैन्य ताक्लोबानजवळच किनाऱ्याला लागले, तेव्हा अमेरिकी सैनिकांसमोर गाणाऱ्या मुलींत तीही होती. अठराव्या वर्षी तिला ‘ताक्लोबानचा गुलाब’ म्हणून निवडले गेले. शिक्षणशास्त्राची पदवी घेऊन ती 1952 मध्ये मनिलाला आली आणि चुलतभाऊ दानिएल रोमुआल्देझ यांच्या घरी उतरली. दानिएल नासिओनालिस्टा पक्षाचे वजनदार प्रतिनिधी होते आणि पुढे सभापती झाले. म्हणजे पुन्हा तेच: बड्या घरात राहायचे, पण त्या घराचे होऊन नव्हे.

एस्कोल्टा रस्त्यावरच्या वाद्यांच्या दुकानात तिने नोकरी धरली. दुकानात येणाऱ्या गिऱ्हाइकांना ती पियानोवर गाणी म्हणून दाखवायची. मुलीने दुकानात उभे राहून गाणे वडिलांना अपमानास्पद वाटले, म्हणून खटपटी करून तिला मध्यवर्ती बँकेत चिकटवले. मग 1953 ची ‘मिस मनिला’ स्पर्धा. मुकुट दुसरीला मिळाला. इमेल्डा तडक महापौर आर्सेनिओ लाकसोन यांच्याकडे गेली आणि आपल्यावर अन्याय झाल्याचे सांगून रडली. महापौरांनी तिला ‘म्यूज ऑफ मनिला’ अशी एक नवीच पदवी बहाल केली.

हा प्रसंग वरवर गमतीचा वाटतो, पण पुढचे राजकारण त्यात पुरते दिसते. नियमाने जे मिळाले नाही, ते नियम ठरवणाऱ्या माणसापर्यंत जाऊन मिळवता येते. फर्डिनांड कागदावर काम करायचा, इमेल्डा थेट माणसावर.

अकरा दिवस

6 एप्रिल 1954. अर्थसंकल्पावरची चर्चा लांबलेली. दानिएल यांच्या पत्नीबरोबर इमेल्डा संसदेत आली होती आणि उपाहारगृहात पायात सपाता, हातात कलिंगडाच्या बिया अशी बसली होती. मार्कोस तिथे आला, ओळख करून देण्याची गळ घातली, आणि म्हणतात की तिला उभे राहायला सांगून त्याने पाठीला पाठ लावून उंची मोजून घेतली. आपण केसभर उंच आहोत याची खात्री पटल्यावर गडी कामाला लागला.

पवित्र सप्ताहाची सुटी आली. इमेल्डा चुलतभावाच्या कुटुंबाबरोबर थंड हवेच्या बागिओला गेली. मार्कोस लग्नाच्या परवान्याचे कागद घेऊनच मागोमाग पोचला. 17 एप्रिलला, ईस्टरच्या आदल्या दिवशी, जवळच्या त्रिनिदाद गावातल्या न्यायाधीशांसमोर दोघांचे लग्न लागले. भेटीपासून अकराव्या दिवशी! तिच्या वडिलांना नंतर कळवले गेले. मार्कोस जन्माने आग्लिपाय पंथाचा, रोमच्या पोपला न मानणारा. चर्चमधल्या लग्नासाठी त्याने कॅथलिक बाप्तिस्मा घेतला, आणि 1 मे 1954 रोजी सान मिगेलच्या चर्चमध्ये थाटात लग्न झाले. धर्मपिता होते राष्ट्राध्यक्ष मॅगसायसाय.

आता वरची यादी पुन्हा काढा. लिबरल पक्षाचा एक इलोकानो प्रतिनिधी. त्याची सासुरवाडी नासिओनालिस्टा पक्षातली आणि विसायासमधली. लग्नाचा धर्मपिता विरोधी पक्षाचा राष्ट्राध्यक्ष. एका लग्नाने उत्तरेला विसायास जोडले आणि पक्षांची भिंत ओलांडायचे दारही उघडे राहिले. हे लग्न म्हणजे निव्वळ हिशेब होता, असे मात्र मी म्हणणार नाही. ज्याला नुसती सोयरीक हवी असते तो परवाना खिशात घालून सुटीत घाटावर धावत नाही. पण हिशेब जुळत होता, हे मार्कोसला कळत नसेल असे मानणे भाबडेपणाचे. तो आधीपासून एका स्त्रीबरोबर संसार थाटून होता आणि तिच्यापासून त्याला मुलेही होती. तिला बाजूला सारण्यात आले. प्रचाराच्या गोष्टीत ती कुठेच आली नाही.

इमेल्डाला हे आयुष्य सुरुवातीला झेपले नाही. सान हुआनमधल्या त्यांच्या घरी पहाटेपासून माणसांची रीघ. न्याहारीच्या टेबलावर अनोळखी पुढारी, झोपायच्या खोलीपर्यंत अर्जदार. वर नवऱ्याच्या सूचना: हे वाच, हे असे बोल, याचे नाव पाठ कर. तिला तीव्र डोकेदुखी जडली, मन खचले. पन्नाशीच्या दशकाच्या अखेरीस तिला न्यूयॉर्कला मनोविकारतज्ज्ञांकडे नेले. डॉक्टरांनी सांगितलेला पर्याय सरळ होता: नवऱ्याने राजकारण सोडावे, नाहीतर हिने ते आपले मानावे. परतलेली इमेल्डा वेगळीच होती. सभेत गाणे हा तिचा हुकमी एक्का झालाच, पण खरे काम ती खाली उतरून करायची. कोणत्या गावच्या पुढाऱ्याची मुलगी आजारी आहे, कोणाच्या घरी बारसे आहे, हे तिच्या लक्षात असे.

1959 मध्ये मार्कोस सिनेटसाठी उभा राहिला. अख्खा देश मतदारसंघ, आठ जागा, सरकार विरोधी पक्षाचे. तो सर्वाधिक मते घेऊन आला.

पक्ष एक, उमेदवारी दुसऱ्याची

1961 मध्ये लिबरल पक्षाची राष्ट्राध्यक्षपदाची उमेदवारी दियोस्दादो मकापागाल यांना मिळाली आणि ते जिंकले. मार्कोसचे म्हणणे असे, की मकापागाल यांनी आपल्याला शब्द दिला होता: मी एकच मुदत राहीन, 1965 ला तू. म्हणून आपण माघार घेतली. तो पक्षाचा अध्यक्ष होऊन वाट पाहत राहिला.

मधल्या काळात त्याने सिनेटचे अध्यक्षपद मिळवले. एप्रिल 1963 मधले ते नाट्य सांगितल्याशिवाय राहवत नाही. सिनेट निम्मे-निम्मे फुटलेले, जिंकायला 13 मते हवीत. नासिओनालिस्टा पक्षाचे सिनेटर रोझेलेर लिम मतदान लांबवण्यासाठी भाषणाला उभे राहिले आणि 18 तासांहून जास्त वेळ बोलत राहिले. बसले की भाषण संपले, म्हणून बसायचे नाही, बाहेर जायचे नाही. परदेशातून परतणारे सहकारी सिनेटर अलेहांद्रो आल्मेंद्रास पोचले की आपले मत पक्के, असा त्यांचा भरवसा. आल्मेंद्रास आले. लिम थांबले. आल्मेंद्रास यांनी मत दिले ते मार्कोसला! लिम तिथेच कोसळले आणि त्यांना उचलून न्यावे लागले.

मकापागाल 1965 ला पुन्हा उभे राहणार हे स्पष्ट होताच, 1964 मध्ये मार्कोसने लिबरल पक्ष सोडला आणि तो नासिओनालिस्टा झाला. काल ज्यांच्यावर टीका केली त्यांच्याकडेच आज उमेदवारी मागायची, आणि तिथे तर रांग लागलेली. उपराष्ट्राध्यक्ष इमान्युएल पेलाएझ, सिनेटर फर्नांडो लोपेझ आणि आणखी दोघे-तिघे. निर्णय पक्षाचे हजारभर प्रतिनिधी नोव्हेंबर 1964 मध्ये मनिला हॉटेलात मतदान करून घेणार होते.

इमेल्डाचे सगळे शिक्षण इथे फळाला आले. यादी घेऊन ती प्रतिनिधींना एकेकट्याने गाठत राहिली. कोणाच्या गावी गेली, कोणाला घरी जेवायला बोलावले. मार्कोस नवखा पक्षांतरवाला होता. ती मात्र रोमुआल्देझ, त्या पक्षातल्या जुन्या घरची लेक. दुसऱ्या फेरीत मार्कोसला उमेदवारी मिळाली.

मग प्रश्न लोपेझ यांचा. राष्ट्राध्यक्षपदाची उमेदवारी हुकलेले फर्नांडो लोपेझ उपराष्ट्राध्यक्षपदासाठी उभे राहायला तयार नव्हते. त्यांच्या घराण्याकडे पश्चिम विसायासमधल्या इलोइलोची साखर, मनिलाला वीज पुरवणारी मेराल्को कंपनी, मनिला क्रॉनिकल हे वर्तमानपत्र आणि एबीएस-सीबीएन ही नभोवाणी-दूरचित्रवाणी. असा माणूस रुसून बसणे परवडणारे नव्हते. इमेल्डा त्यांच्याकडे गेली. ती रडली, विनवण्या केल्या आणि शेवटी त्यांची संमती घेऊनच उठली, असे सांगतात. महापौर लाकसोन यांच्या दारात जे जमले तेच इथेही. आता जमाखर्च पूर्ण झाला: उत्तर मार्कोसची, लेयटेकडची बाजू इमेल्डाची, पश्चिम विसायास लोपेझची. आणि पैसा व वर्तमानपत्रही लोपेझचेच.

गोष्ट विकायची कशी

1965 ची मोहीम आधुनिक प्रचाराचा नमुना होती. एका अमेरिकी लेखकाकडून मार्कोसचे चरित्र लिहवून घेतले गेले. त्यात युद्धातले पराक्रम ठासून भरलेले. त्याच्या आयुष्यावर चित्रपट निघाला. त्यात मार्कोसची स्वतःची मुले, इमी आणि फर्डिनांड धाकटा, ज्याला सगळे ‘बाँगबाँग’ म्हणतात, पडद्यावर झळकली. हाच बाँगबाँग 2022 मध्ये राष्ट्राध्यक्ष झाला. सरकारी परिनिरीक्षण मंडळाने चित्रपट अडवला. यापेक्षा मोठी मदत मकापागाल यांना करता आली नसती. बंदीमुळे गर्दी वाढली आणि सरकार घाबरले, असा संदेश फुकटात गेला.

लिबरलांनी नालुंदासान खुनाचे प्रकरण उकरून काढले. मार्कोसच्या लोकांनी ते लपवले नाही, उलट पुढे केले. खोट्या आरोपात गुंतवलेला, कोठडीत अभ्यास करून पहिला आलेला मुलगा! पदकांवर शंका घेणारे आवाजही होते, पण पुरावा अमेरिकेतल्या खोक्यांत बंद होता. ज्या गोष्टीने माणूस बुडायला हवा तीच त्याने प्रचारात वापरली, आणि मला वाटते या साऱ्या प्रवासातले त्याचे सर्वांत धूर्त काम हेच.

इमेल्डाने सधन घरांतल्या बायकांची फळी उभारली. निळा पोशाख घालणाऱ्या या ‘ब्लू लेडीज’ दारोदार जाऊन मते मागत. ती स्वतः उंच केशरचना, फुग्यासारख्या बाह्यांचा तेर्नो हा तिकडचा पारंपरिक झगा अशा वेशात चिखलाच्या मैदानांवर उतरे, इलोकोसला इलोकानो आणि लेयटेला वाराय गाणे म्हणे. मार्कोसही व्यासपीठावर आवाज मिसळायचा. गरीब वस्तीत कोणी चांगले कपडे घालून आपल्यासाठी यावे, हे लोकांना आवडते यावर तिचा ठाम विश्वास होता. गॅरेजची हकीकत मात्र मोहिमेत कुठेच नव्हती. एका पत्रकार महिलेने ती 1969 मध्ये छापली तेव्हा राजवाडा संतापला. नवऱ्याची कोठडी विकता आली, बायकोचे गॅरेज नाही. गरिबी सांगितली असती तर मते वाढलीही असती. पण रोमुआल्देझ हे नाव राखण्यासाठी तिने अर्धे आयुष्य घालवले होते.

मतदान 9 नोव्हेंबर 1965 ला झाले. मार्कोसला जवळपास 52 टक्के मते पडली, मकापागाल यांना 43 टक्क्यांच्या आसपास, तिसरे उमेदवार राउल मांगलापुस यांना 5 टक्के. फरक सुमारे 6 लाख 70 हजार मतांचा. लोपेझ थोडक्यात, पण निवडून आले. 30 डिसेंबरला शपथ घेतली तेव्हा मार्कोस 48 वर्षांचा होता आणि इमेल्डा 36 वर्षांची. वीस वर्षांत राष्ट्राध्यक्ष देण्याचा वायदा त्याने सोळाव्या वर्षी पुरा केला.

आठ वर्षांची अडचण

पुढचे थोडक्यात. मार्च 1968 मध्ये झुरिकच्या बँकेत विल्यम सॉन्डर्स आणि जेन रायन या नावांनी खाती उघडली गेली. ही टोपणनावे नवरा-बायकोची. 1969 मध्ये सरकारी पैसा पाण्यासारखा वाहिला आणि मार्कोस पुन्हा जिंकला. स्वतंत्र फिलिपिन्समध्ये राष्ट्राध्यक्षपदी दुसऱ्यांदा निवडून येणारा तो पहिलाच. त्या उधळपट्टीचा फटका लगेच बसला. 1970 च्या सुरुवातीला तिथले चलन पेसो घसरले आणि विद्यार्थी रस्त्यावर आले.

पण कायद्याने 1973 ला त्याला जावेच लागणार होते. उघड चर्चा अशी की त्याच्या जागी इमेल्डा उभी राहील. 1971 मध्ये नवी राज्यघटना लिहायला परिषद बसली. तिथे एक ठराव आला: विद्यमान राष्ट्राध्यक्षाला पुन्हा सत्तेवर येता येऊ नये, आणि त्याच्या पती किंवा पत्नीलाही. मार्कोस हे दोन माणसांचे मिळून एकच प्रकरण आहे, हे ठराव आणणाऱ्यांनी बरोबर ओळखले होते.

मे 1972 मध्ये परिषदेतले एक वृद्ध सदस्य एदुआर्दो किंतेरो यांनी सभागृहासमोर पाकिटे ठेवली. आत 11,150 पेसो होते. परिषदेतल्या मतांवर प्रभाव टाकण्यासाठी हे पैसे आपल्याला दिले गेले, असे त्यांनी सांगितले, आणि देणाऱ्यांच्या यादीत इमेल्डाचे नाव घेतले. किंतेरो लेयटेचेच. नंतर त्यांच्या घरावर छापा पडला आणि तिथे लाखो पेसो सापडल्याचे पोलिसांनी जाहीर केले. ते पोलिसांनीच आणून ठेवले, असे किंतेरो यांच्या बाजूचे म्हणणे. पती-पत्नीला रोखणारा ठराव मतदानात पडला. 23 सप्टेंबर 1972 ला मार्कोसने दूरचित्रवाणीवर लष्करी कायद्याची घोषणा केली. पुढच्या वर्षी आलेल्या राज्यघटनेत आठ वर्षांची ती मर्यादा उरली नव्हती.